दोनशे सत्तावन्नावा धागा

शालन मुसळे आयुष्यात खोटं एकच बोलली. पण ते एकशे आठ वेळा सही करून, आणि वर एकदा तोंडानं.

बाई तशी सरळ. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर परत करताना वाटी शिगोशीग भरून देणारी. इचलकरंजीत तिला ओळखणारं कुणीही हे सांगेल. मग अशा बाईनं असं का करावं? ते कळायला तेरा वर्षं मागं जायला हवं, ज्या वर्षी गावातल्या मागांवर जुन्या धाग्याला नव्याची गाठ मारणारी यंत्रं आली आणि वहिफणीचा धंदा बसला.

वहिफणी म्हणजे काय, हे हल्लीच्या लोकांना सांगावं लागतं. मागावर सुताचा नवा बीम चढवायचा तर त्याचे तीन-चार हजार धागे एकेक करून आधी वहीतून, म्हणजे धागे वरखाली करणाऱ्या तारांच्या डोळ्यांतून, आणि मग फणीतून ओवायचे. एक धागा चुकला की अख्ख्या कापडाला रेघ पडते. शालनचा बाप हे काम करायचा, पुढं नवरा, आणि नवरा गेल्यावर ती स्वतः. डोळे मिटून फणीवर बोट फिरवायची आणि दातांमधल्या कुठल्या घरात दोन धागे शिरलेत ते सांगायची. पण यंत्र आलं. ते चहा पीत नव्हतं, जत्रेला सुट्टी मागत नव्हतं आणि त्याची पाठही दुखत नव्हती. शालन सव्वा वर्ष घरी बसली. पोरगी कॉलेजात, आणि बोटांना काम नाही. बोटांना काम नसलं की माणूस किती किरकिरं होतं, ते तिच्या पोरीला विचारा.

अशात एके दिवशी जिना चढून केतकी रायकर आली. चोवीस वर्षांची, कारवारची, पुण्यात भौतिकशास्त्राचं संशोधन करणारी. पाठीवर पिशवी, आणि हातात केसापेक्षा जरा जाड, काचेसारख्या स्वच्छ प्लास्टिकच्या धाग्यांची जुडी.

"काकू, मला हे दोनशे छप्पन्न धागे एका ओळीत, एकमेकांना खेटून, न मोडता बसवून हवेत," ती म्हणाली. "पुण्यातली यंत्रं दहातले तीन मोडतात. बाजारात एकानं सांगितलं, शालनकाकूंच्या हाताला डोळे आहेत."

"दोनशे छप्पन्न व्हय?" शालन म्हणाली. "आनि इतक्या लांबनं आलीस त्यापायी? बस, भाकरी खा आधी."

केतकीची भाकरी संपेपर्यंत साठ धागे बसले होते. संध्याकाळी चारला धाग्यांची सपाट चौकट, केतकीच्या भाषेत पॅनेल, पूर्ण तयार, आणि एकही धागा मोडलेला नाही. केतकी त्या पॅनेलकडं बघून रडायलाच लागली, आणि ती का रडतेय हे न कळून शालननं तिला गुळाचा खडा दिला.

त्या पॅनेलातून बेचाळीस बायकांची सहकारी संस्था उभी राहिली. शालन अध्यक्ष. केतकी वर्षभर तिच्या वरच्या खोलीत राहिली. पावणेसातशे पॅनेलं युरोपात गेली आणि तिथं एक भलंमोठं उपकरण झालं. केतकीनंच त्याला नाव दिलं, 'अंगण'. त्यानंतर इस्पितळांच्या स्कॅनर यंत्रांसाठी तशाच धाग्यांचं काम मिळत गेलं, आणि संस्था तगली. मुलगी शिकली, लग्न होऊन सुखानं नांदायला गेली. शालन रोज सकाळी कारखान्याचं कुलूप उघडताना आधी केतकीचं नाव घ्यायची आणि मग देवीचं. देवीला राग येत नसावा.

आता दोन हजार पन्नास साल. स्कॅनरचं काम आटत चाललेलं, आणि दुसऱ्या, चौपट मोठ्या अंगणाचं काम दारात आलेलं. दहा वर्षांचा करार. गुरुवारी सह्या. बुधवारी दुपारी केतकी युरोपातून आली, पण तोंड उतरलेलं.

"कसलं गं तोंड हे?" शालन म्हणाली. "करार व्हायचा हाय, आनि तू मयताला आल्यागत?"

"काकू, तुम्हाला एक विचारायचंय. पण त्याआधी सगळं सांगते. मला मध्ये थांबवू नका."

"थांबवत न्हाई. वांगी चिरता चिरता ऐकती."

केतकी तिथंच ओट्याला टेकून सांगायला लागली. मूलकणांना वजन मिळतं ते एका अदृश्य क्षेत्रामुळं. ते क्षेत्र सगळीकडं पसरलेलं आहे, ह्या स्वयंपाकघरातसुद्धा. जमिनीखालच्या बोगद्यात कणांची प्रचंड वेगानं धडक दिली की त्या क्षेत्रात लाट उठते, आणि ती लाट म्हणजे हिग्ज नावाचा कण. त्याचं आयुष्य किती? सेकंदाचे अब्ज भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा अब्ज, आणि त्यातल्याही एकाचे काही हजार. इतकं की जन्मला म्हणेपर्यंत मोडलेला. मोडताना तो तुकडे मागं ठेवतो, आणि ते तुकडे बहुतेक वेळा ओळखीचे असतात.

"पण लाखात एखाद्या वेळी तो भलत्याच कणांत मोडत असेल तर?" केतकी म्हणाली. "आपल्या जगाशी फारसं बोलणंचालणं नसलेल्या कणांत? विश्वात जे द्रव्य आहे त्यातलं बहुतेक आपल्याला दिसतच नाही, काकू. त्या अंधाराचं दार हिग्जमधून उघडत असेल, असं आम्हाला वाटतं. असे कण शंभर मीटर खडकातून सरळ वर येतील, काही वेळानं हवेत कुठंतरी मोडतील, आणि मोडले की त्यांचे तुकडे दिसतील. म्हणून बोगद्याच्या वर, जमिनीवर, आपलं अंगण. तुमच्या धाग्यातून तुकडा गेला की आत निळी चमक होते. तुमच्या एका पेटीतली सहा पॅनेलं एकावर एक रचून एक मनोरा. वरून खाली चमकत गेलं तर तो आकाशातून आलेला कण. खालून वर चमकलं तर तो आपला पाहुणा."

"मग आला का पाव्हना?"

"आला असणार. आम्हीच त्याला हाकलला."

एवढ्या नोंदी साठवायला जगात जागा पुरत नाही, म्हणून उपकरणात एक गाळणी असते. कामाचं ठेवते, बाकीचं त्याच क्षणी फेकते. तिला नियम द्यावा लागतो. शास्त्रज्ञांनी नियम दिला, की धडकेनंतर प्रकाशाच्या वेगानं वर यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात येईल ते ठेव, उशिरा येईल तो कचरा. पाहुणा हलका असेल, म्हणजे वेगानं येईल, असा सगळ्यांचा समज. तो निघाला जड आणि रमतगमत येणारा. नऊ वर्षं गाळणी त्याला दारातूनच परत पाठवत होती.

"मग तुला कसं कळलं?" शालननं विचारलं.

"तेच तर." केतकी पुढं सरकली. "तुम्ही धाग्यांची टोकं ज्या जोडफणीत, म्हणजे चमक टिपणाऱ्या भोकांच्या पट्टीत, ओवायचात ना, तिला भोकं होती दोनशे साठ. धागे दोनशे छप्पन्न, म्हणजे चार भोकं मोकळी. मोकळ्या भोकांबद्दल गाळणीला कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्यामुळं तिथली नोंद न फेकता नुसती साठत गेली. उपकरणाची खरखर किती हे बघायला मी ती उघडली. आणि दोनशे सत्तावन्नाव्या भोकात सात वेळा, काकू, सात वेळा, खालून वर सहाही थर ओळीनं चमकलेत. उशिरानं. आणि दर वेळी खाली धडका चालू असतानाच. खरखर अशी रांगेत येत नाही!"

शालनच्या हातातली सुरी थांबली.

"एका धाग्यात सात, म्हणजे बाकीच्यांतून हजारो गेले असतील. पण अडचण अशी, की तिथं धागाच नाही. नकाशात नाही. समिती म्हणते, शेजारच्या तारेतून गळती झाली. गोदामात एक जादा पॅनेल पडून होतं, ते फोडून बघितलं. मोजून दोनशे छप्पन्न. आणि त्या भोकातून एरवीही बोलतात, म्हणजे आकाशातल्या कणांनी चमकतात, ते फक्त अठरा मनोरे, बाकी सगळे मुके. का, ते कुणालाच सांगता येत नाही. बसवलेला मनोरा फोडायचा तर प्रयोग महिनोन्महिने बंद ठेवावा लागतो. लेखी आणि पटणारं कारण असल्याशिवाय परवानगी नाही. वीस तारखेला शेवटची सुनावणी. त्यानंतर दुसऱ्या अंगणाची गाळणी जुन्याच नियमानं कायमची ठरणार, आणि पुढची वीस वर्षं आम्ही त्याला असेच फेकत राहणार." केतकी ओट्यावरची देठं उगाच गोळा करायला लागली. "मला तिकडं आता 'भुताच्या धाग्यावाली' म्हणतात. काकू, खरं सांगा. त्या भोकात कुणी धागा ओवला होता का?"

आता शालनच्या माहेरची एक रीत सांगायला हवी. तिचा बाप नवा बीम ओवताना देवीच्या वारी, म्हणजे मंगळवारी, एक धागा जास्तीचा घ्यायचा. तो कापडात जायचा नाही, कडेनं वेगळा चालायचा. देवीचा धागा. मालकाला त्याचा पत्ता नसायचा, कापडाला तोटा नसायचा. बाप म्हणायचा, पोट भरतंय त्याची एवढी तरी आठवण ठेवावी माणसानं.

बारा वर्षांपूर्वी, सव्वा वर्षानं बोटांना काम मिळालं, तेव्हा शालनला एवढं भरून आलं होतं की कुठं ठेवू आणि कुठं नको. रिळावर तुकडे उरायचेच, टाकूनच द्यायचे ते. दर मंगळवारी सहा पॅनेलं व्हायची, आणि त्या सहाही पॅनेलांत डाव्या कडेला तिनं एकेक धागा देवीचा म्हणून बसवला. आणि वहिफणीवाल्याला मोकळं टोक लोंबताना बघवत नाही. समोर भोक रिकामं दिसलं, ओवून टाकलं. तपासणारे दोनशे छप्पन्न भोकांत उजेड टाकून बघायचे. पुढच्या भोकाकडं कोण बघतंय? मग प्रत्येक पॅनेलाच्या तपासणी-कार्डावर लिहायचं, 'नकाशाबरहुकूम, एकूण धागे दोनशे छप्पन्न', आणि खाली सही. ती सही दर वेळी जराशी वाकडी यायची.

शालननं वांग्याची फोड पाण्यात टाकली.

"न्हाई गं," ती म्हणाली. "नकाशात न्हाई ते कोन घालंल?"

केतकीनं मान हलवली. रात्री भाकरी अर्धी टाकून ती वर झोपायला गेली. त्या पोरीनं ह्या घरात भाकरी कधी टाकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात शालननं मुमताजला कोपऱ्यात घेतलं. मुमताज मोमीन, संस्थेची सचिव. पहिल्या दिवसापासूनची जोडीदारीण, आणि देवीच्या धाग्याची एकटी साक्षीदार. सगळं ऐकून मुमताजनं कपाळावर हात मारला.

"तुला तवाच म्हनलं हुतं का न्हाई? देवीला नारळ फोड, पेढं वाट, पन सायबाच्या पॅनेलात हात घालू नगंस म्हनून?"

"म्हनलं हुतंस बाई."

"मग आता गप ऱ्हा. आज सह्या हैत. देवस्थळी सायेब कसला मानूस हाय, म्हाईत हाय न्हवं? सुतभर इकडचं तिकडं खपत न्हाई त्याला. एकशे आठ कार्डं खोटी हैत म्हनून कळलं, तर हे काम गेलंच, स्कॅनरचं बी जातंय. बेचाळीस चुली हैत, शालन."

"आनि केतकी?"

"शिकल्याली पोरगी हाय. तिला दुसरा शोध लागंल. आपल्याला दुसरं काम लागतंय का?"

मुमताज काही वाईट बाई नव्हे. दोन नातवंडं तिच्या पदरात होती. शालन कपाटाशी गेली. जुनी कार्डं तारखेवार रचून ठेवलेली होती, कारण रद्दीत घालायला तिचं मन झालं नव्हतं. तिनं एक गठ्ठा काढला. सही, सही, सही. मंगळवारच्या सह्या बघितल्या तरी ओळखू येत होत्या, जरा वाकड्या.

तिला बापाची आठवण झाली. समजा कुणी बापाला अडवून विचारलं असतं, की हा धागा कुणाचा? तर बाप काय म्हणाला असता? माझा नव्हे, मला ठाऊक नाही? देवीला दिलं आणि चारचौघांत विचारल्यावर नाही म्हटलं, तर ते देणं कसलं! आणि ज्या पोरीमुळं द्यावंसं वाटलं, तिच्याच तोंडावर आपण नाही म्हणालो. शालनला स्वतःची अशी लाज वाटली की ती गठ्ठा छातीशी धरून खालीच बसली.

अकरा वाजता देवस्थळी आले. प्रकल्पाचे भारतातले तपासनीस. साठीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशात स्वतःची मोजपट्टी. बेचाळीस बायका नव्या साड्या नेसून उभ्या. केतकी एका बाजूला खुर्चीत, डोळे सुजलेले. देवस्थळींनी कागद पुढं केला.

"आधी हे प्रतिज्ञापत्र. मागील कामात नकाशाबाहेरचं काहीही केलेलं नाही, एवढंच. मग करार."

शालननं पेन उचललं आणि खाली ठेवलं.

"सायेब, ह्याच्यावर मला सही करता येत न्हाई."

"का? चष्मा विसरलात का?"

"चष्मा हाय. खोटं हाय ते, म्हनून." तिनं कार्डांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "केतके, तुझ्या त्या अठरा मनोऱ्यांची यादी काढ. पेटीचं लंबर वाच. दिवसाला एक पेटी हुती आमची, सहा पॅनेलांची."

केतकीला काही कळलं नाही, पण तिनं फोन उघडला. "पेटी क्रमांक चार."

शालननं कार्ड काढलं. "तेरा जुलै. वार बघ."

"मंगळवार."

"फुडं."

"दहा."

"वीस जुलै."

"मंगळवार." केतकी उभी राहिली. "सोळा... मंगळवार. बावीस... काकू, तोही मंगळवार!"

अठराच्या अठरा मंगळवार निघाले. शालननं मग सगळं सांगितलं, रीत, रिळावरचा तुकडा, रिकामं भोक, वाकड्या सह्या. बोलताना तिनं देवस्थळींकडं एकदाही बघितलं नाही, ती केतकीकडं बघत होती.

"डाव्या कडंला हाय बघ. आनि धाग्याच्या टोकाला कुंकवाचं बोट लावलंय मी, डिंकाखाली. काल खोटं बोलले गं तुझ्याशी."

केतकी रडायला लागली. पण शास्त्रज्ञ ती शास्त्रज्ञच. डोळे पुसता पुसता बोटांनी मोजायला लागली आणि थबकली.

"थांबा. ह्या काळात मंगळवार एकोणीस येतात. मनोरे अठराच बोलतात. चौतीस नंबरची पेटी मंगळवारची आहे, पण ती मुकी आहे."

शालन गोंधळली. देवस्थळींनी भुवया वर केल्या. पटणारं कारण एका मंगळवारापायी हातातून निसटायला लागलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "त्या मंगळवारी ही हितं हुती कुठं?" मुमताज बायकांतून वाट काढत पुढं आली. तिनं गठ्ठ्यातून कार्ड ओढलं आणि टेबलावर आपटलं. "ही गेल्ती कागलला, भाचीच्या लग्नाला. त्या दिवशीची पेटी मी केलीया. सही बघा, माझी हाय. आनि सायेब, मी न्हाई घातला धागा. माझी देवी न्हवं ती."

एवढं बोलून तिनं शालनकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "बुडवलंस बघ भवाने. आता बुडायचंच तर दोघी बुडू."

केतकीनं दोघींना एकदम मिठी मारली. देवस्थळींनी मात्र पेन उघडलं.

"बाई, हे मला लिहावं लागेल. सगळं."

"लिवा की," शालन म्हणाली. "त्यापायीच तर बोलले."

करार थांबला. स्कॅनरवाल्यांनीही काम काढून घेतलं. आठ महिने कारखान्याला कुलूप. काही बायका शिवणकामाला गेल्या, काही सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगमध्ये. तिघींनी शालनशी बोलणं सोडलं. एकजण तर बाजारात समोरून आली आणि पलीकडच्या कडेनं निघून गेली. 'देवीचा धागा घातला आणि आमच्या तोंडचा घास काढला,' असं ती म्हणते हे शालनच्या कानावर आलं. बाई चुकीचं म्हणत नव्हती. शालन आणि मुमताज घरी बसून साड्यांना फॉल लावायच्या. मुमताज रोज एकदा शिव्या द्यायची आणि रोज दुपारचा चहा तिच्याकडंच प्यायची. त्या आठ महिन्यांत शालननं देवीकडं काही मागितलं नाही. एवढंच म्हणायची, की मुमताज आहे, बरं केलंस.

मनोरा फोडायची परवानगी मिळाली ती ह्या अठरा मंगळवारांमुळं. समितीतल्या एका वयस्क बाईंनी म्हणे एवढंच विचारलं, "तारेतल्या गळतीला वार कळतो का?"

ज्या दिवशी फोडायचं त्या दिवशी दुपारी साडेतीनला केतकीनं युरोपातून पडद्यावर जोडून दिलं. शालननं कारखाना उघडला, तर हळूहळू बायका आल्या. बोलणं सोडलेल्या तिघीही आल्या आणि मागं उभ्या राहिल्या. पडद्यावर पांढरे कोट, हातमोजे. चौथ्या पेटीतलं पॅनेल. पातं कडेनं फिरलं, वरचा पापुद्रा उचलला गेला. एकजण भिंगातून मोजत होता. बराच वेळ गेला. मग तो थांबला, मागं वळून काहीतरी म्हणाला, आणि कुणीतरी कॅमेरा जवळ नेला.

डावी कड. शेवटचा धागा. त्याच्या टोकाला, बारा वर्षांच्या पिवळ्या पडलेल्या डिंकाखाली, लालभडक कुंकवाचं बोट.

"काय विचारतोय गं त्यो?" शालननं विचारलं.

"विचारतोय, हा लाल डाग कसला? घाण आहे का, पुसायची का?" केतकी हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "मी सांगितलं, हात लावलास तर बघ!"

मागच्या तिघींतली एक पुढं आली. बाजारात पलीकडून गेलेली, तीच. तिनं शालनच्या खांद्यावर डोकं ठेवलं. शालनला त्या क्षणी सगळ्यांचे उपकार वाटले, बापाचे, पोरीचे, ह्या रुसलेल्या बायकांचे, त्या जड, रमतगमत येणाऱ्या कणाचेसुद्धा. उशिरा का होईना, आला बिचारा.

"केतके," तिनं विचारलं, "पन त्या पाव्हन्याचं करायचं काय आता? उपेग काय त्याचा?"

"अजून माहीत नाही काकू. आधी ओळख तर होऊ दे. पण आता गाळणी त्याला परत पाठवणार नाही. नियम बदलला."

पावसाळा संपता संपता देवस्थळी स्वतः आले. करार आणि नवा नकाशा. शालननं चष्मा लावला. नकाशात डाव्या कडेला, प्रत्येक पॅनेलात, एक रेघ जास्तीची होती, आणि तिला रीतसर क्रमांक दिलेला, दोनशे सत्तावन्न.

"शिक्षा म्हणून दोन वर्षं दर पॅनेल मी स्वतः मोजणार," देवस्थळी म्हणाले. "आणि बक्षीस म्हणून हा घ्या तुमचा देवीचा धागा. आता नकाशात आला."

शालननं हात जोडले. बायकांनी पेढे वाटले. मुमताजनं देवस्थळींना दोन खायला लावले.

काम सुरू झालं आणि पहिला मंगळवार आला. पॅनेल होत आलं. शालननं दोनशे सत्तावन्नावा धागा बसवला आणि रिळावर उरलेल्या तुकड्याकडं तिचा हात गेला.

"अगं बया!" मुमताज कुजबुजली. "परत? त्यो बसलाय, तुझ्या सायबानं आखून दिल्याला!"

"त्यो आता नकाशातला झाला," शालन म्हणाली. "सायबानं सांगितलं, मी बसवला. ती मजुरी. देवीला कुनी सांगितल्याबिगर द्यावं लागतंय."

"मानूस तिकडं मोजपट्टी घेऊन बसलाय!"

"असू दे. सायबापासनं आता लपवायचं न्हाई." तिनं डाव्या कडेला आणखी एक धागा बसवला, टोकाला कुंकू लावलं, पुढच्या रिकाम्या भोकात ओवला. मग कार्ड ओढून घेतलं आणि ठळक लिहिलं, 'एकूण धागे दोनशे अठ्ठावन्न'. खाली सही केली. ह्या वेळी ती सरळ आली.

देवस्थळींनी भिंग लावून धागे मोजले. पुन्हा मोजले. कार्ड वाचलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि शालनकडं बघितलं. मग शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं:

'एक धागा कारागिराच्या रिवाजाप्रमाणे. गाळणीस कळवू नये.'

आणि शालनच्या सहीखाली आपली सही केली.